अँब्युलन्स निघाली आणि सामान मागेच राहिलं: दर वेळी होतं, काय करायचं?

इंदूरला एका संस्थेच्या अँब्युलन्सवर मी ईएमटी आहे, म्हणजे गाडीत पेशंटला सांभाळणारी. आमच्या तीन गाड्या आहेत आणि तिन्ही गाड्यांना एकच रोग होता, पेशंट घेऊन निघालो की काहीतरी मागे राहायचं. ग्लुकोमीटर फ्रिजवर, पल्स ऑक्सिमीटर पेशंटच्या बोटाला तसाच, बीपीचा पट्टा चादरीत गुंडाळलेला, ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुणाच्या तरी खिशात, स्पाइन बोर्ड म्हणजे मणक्याला इजा असेल तर पेशंटला झोपवायची सपाट फळी कॅज्युअल्टीत, आणि एकदा अख्खं सक्शन मशीन, तोंडातली लाळ, उलटी, रक्त ओढून काढणारं. बाकीच्या शहरांतले अँब्युलन्सवाले भेटतात तेव्हा तेही हेच सांगतात, म्हणून आम्ही काय काय केलं, काय फसलं आणि काय चाललं ते सगळं लिहून ठेवतेय.

सक्शनचं आधी सांगते, कारण तिथूनच आम्ही या गोष्टीच्या हात धुऊन मागे लागलो. रात्री साडेबाराच्या सुमाराला मल्हारगंजकडच्या एका जुन्या घरातून कॉल होता, तिसरा मजला, लाकडी जिना, स्ट्रेचर वळतच नाही इतका अरुंद. आजोबांना पॅरालिसिसचा अटॅक, तोंडात लाळ आणि उलटी. सक्शन वर नेलं, तोंड साफ केलं, खुर्चीला बांधून खाली आणायचं ठरलं. आता बघा, वर जाताना माझा एक हात मोकळा होता, खाली येताना एकही नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शेजारचा एक मुलगा म्हणाला, ताई द्या इकडे मी आणतो, मी दिलं, आणि चार पायऱ्या उतरल्यावर कुणीतरी त्यालाच हाक मारली की खुर्चीचा पाय धर. त्यानं मशीन तिथल्या कोनाड्यात ठेवलं आणि पाय धरला. त्याचं काहीच चुकलं नाही, त्या क्षणी तेच करायला हवं होतं.

आजोबांना पोचवलं आणि पुढचा कॉल लगेच आला, बायपासवर बाइक घसरली होती. तरुण मुलगा, बेशुद्ध, तोंडात रक्त, श्वासाबरोबर घरघर. मी गाडीत हात घातला तर मशीन ठेवायची जागा रिकामी आणि त्याचा पट्टा नुसता लोंबत होता. तो लोंबणारा पट्टा मला अजून दिसतो. दादांनी म्हणजे आमच्या ड्रायव्हरनी मान धरली, तिथल्या दोघातिघांना हाताशी घेऊन आम्ही त्याला अख्खा एकसाथ कुशीवर वळवला, रक्त बाहेर आलं, दिसत होतं तेवढं गॉजनी काढलं आणि दुसऱ्या गाडीला बोलावलं. मुलगा वाचला. पण मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते, आणि आम्ही तिथे दुसऱ्या गाडीचा सायरन ऐकू येतोय का म्हणून कान लावून बसलो होतो.

हे होतं कशामुळे

आधी सगळ्यांना वाटायचं निष्काळजीपणा आहे, नवीन पोरं आहेत, लक्ष नाही. पण आमच्याकडे सगळ्यात जास्त सामान विसरणारे लोक सगळ्यात जुने आणि चांगले होते, पेशंटमध्ये पूर्ण बुडून काम करणारे. मग हळूहळू कळलं की मुख्य काम झालं की डोकं ते काम संपलं असं धरून चालतं, आणि शेवटची बारकी पायरी तिथेच गळून पडते. झेरॉक्स काढली की मूळ कागद मशीनच्या काचेवरच राहतो ना, तसंच. एटीएमचं पण हेच झालं होतं, काही जुनी मशीन आधी पैसे द्यायची आणि मग कार्ड, लोक पैसे घेऊन निघून जायचे आणि कार्ड आतच, कारण आलो होतो पैशाला आणि पैसे तर मिळाले. मग मशीनच बदलली, आधी कार्ड काढा मग पैसे. लोकांना लक्ष ठेवा असं सांगून काही झालं नाही, क्रम उलटा केला तेव्हा झालं.

आमचं काम म्हणजे पेशंट गाडीत घेणं. दार लागलं की डोक्यात काम झालं. आणि सामान गोळा करणं नेमकं त्या दाराच्या पलीकडे पडतं. म्हणजे उपाय असा हवा की सामान आल्याशिवाय गाडी निघताच येऊ नये. एवढं कळायला आम्हाला बरेच महिने लागले आणि त्या महिन्यांत आम्ही बरीच चुकीची औषधं करून बघितली.

जे चाललं नाही

पहिलं, लांबलचक चेकलिस्ट. दोन पानी, गाडीतली एकूण एक वस्तू. ती पाळी सुरू होताना गाडी तपासायला चांगली आहे, आम्ही ती ठेवलीच आहे, पण दोन कॉलच्या मध्ये ती कुणी भरत नाही, पाळी संपताना चहा पिता पिता आठवून टिक मारतात. विमानांच्या चेकलिस्टचं उदाहरण सगळे देतात. ती सुरू झाली ती १९३५ साली, ३० ऑक्टोबरला बोइंगचं मॉडेल २९९ उडालं आणि लगेच कोसळलं तेव्हापासून. चालवणारा अनुभवी होता, फक्त विमान उभं असताना शेपटीचे हलणारे भाग अडकवून ठेवायचं लॉक काढायचं राहिलं होतं. त्यानंतर पायलटांसाठी याद्या आल्या पण त्या छोट्या होत्या, एका कार्डावर मावतील अशा, नेमक्या वेळी म्हणायच्या. आम्ही यादी घेतली, छोटी आणि नेमक्या वेळी हे घ्यायचं राहिलं.

दुसरं, दंड. आमच्या संस्थेचे सेक्रेटरी, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, माणूस मनानं चांगला, पण वस्तू महाग आहेत आणि पैसा देणगीचा आहे, म्हणून त्यांनी हरवलेल्या वस्तूचे पैसे पगारातून कापायचं ठरवलं. परिणाम काय, तर वस्तू राहिली की लोक सांगायचेच नाहीत. पाळी संपल्यावर गुपचूप जाऊन आणायचे, नाही सापडली तर दुसऱ्या गाडीतली उचलून आपल्या गाडीत ठेवायचे, आणि मग ती दुसरी गाडी कॉलवर अपुरी जायची. हे पेशंटच्या जिवाशी आहे. दोन महिन्यांनी मी आणि दादा काकांकडे गेलो आणि सांगितलं, काका दंड बंद करा, वस्तू परत येतील. त्यांनी ऐकलं. आता नियम एकच आहे, राहिलं की त्याच मिनिटाला ग्रुपवर टाकायचं, काय राहिलं आणि कुठे, आणि त्यावर कुणीही कुणाला बोलायचं नाही. माझ्या मते बाकी सगळ्या उपायांच्या आधी हे करा, नाहीतर तुमच्याकडून नेमकं काय आणि कुठे राहतं हेच तुम्हाला कधी कळणार नाही.

तिसरं, "सगळं घेतलं ना?" असं विचारणं. याचं उत्तर नेहमी हो असतं. वीस वेळा विचारा, वीस वेळा हो. हा प्रश्न बंद करा.

जे चाललं

नग मोजणे. हे माझ्या आईचं आहे. लहानपणी उन्हाळ्यात पुण्याला मामाकडे जायचो तेव्हा इंदूर स्टेशनवर गाडीत चढायच्या आधी आई मोठ्यानं म्हणायची, आठ नग. पाण्याची सुरई पण नग, लोणच्याची बरणी पण नग. पुण्याला उतरल्यावर फलाटावर परत आठ मोजल्याशिवाय हमालाला हात लावू द्यायची नाही. कुठला नग राहिला ते तिला आठवायला लागायचं नाही, सात आले एवढं कळलं की पुरे.

तेच आम्ही उचललं. गाडीतून उतरताना मी मोठ्यानं सांगते किती नग चालले, बॅग, ऑक्सिजन, मॉनिटर, सक्शन, चार. दादा तो आकडा त्यांच्या डाव्या हातावर पेनानं लिहितात, ग्लोव्ह घातला असेल तर ग्लोव्हवर. परत येताना चार झाल्याशिवाय मागचं दार लावायचं नाही. मोजायचं ड्रायव्हरनीच, ईएमटीनं नाही, कारण माझं लक्ष पेशंटच्या छातीवर असतं आणि असायलाच हवं. आणि मोजताना हात लावून मोजायचं, लांबून बघून नाही, लांबून डोळा जे असायला हवं तेच बघतो.

यात एक फट राहते, बॅग परत येते पण बॅगेतलं आत नसतं. त्याला घरातल्या मिसळणाच्या डब्याचा उपाय. मिसळणाच्या डब्यातली एक वाटी नसली तर शोधावी लागत नाही, भोक दिसतं. आम्ही गादीवाल्याकडून जाड फोम आणला, त्यात ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, थर्मामीटर, कात्री, बीपी यांच्या आकाराच्या खाचा कापल्या आणि खाचेच्या तळाला पिवळा कागद चिकटवला. वस्तू नसली की पिवळं दिसतं. विमान दुरुस्त करणारे लोक हत्यारं अशीच ठेवतात म्हणे, एखादा पाना इंजिनात राहू नये म्हणून. फोमवर रेक्झिन लावून घ्या, नाहीतर रक्त आणि बीटाडीन मुरतं आणि ते साफ होत नाही.

मग लाल पट्टी. आधी आमची आयडिया होती की गाडीची चावी बॅगेलाच अडकवायची, बॅग आल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. कागदावर मस्त वाटलं, पण इंदूरच्या मे महिन्यात पेशंट येईपर्यंत एसी लागतो, रात्री लाइट लागतात, ड्रायव्हर इंजिन बंदच करत नाही. तिसऱ्याच दिवशी हे बाद झालं. मग उभ्या विमानांना लटकवतात तशी लाल पट्टी केली, उडायच्या आधी काढा असं लिहिलेली असते ना तशी. बॅग जिथे ठेवतो तिथे ही पट्टी कडीला असते. बॅग बाहेर काढली की पट्टी काढून स्टिअरिंगला आडवी बांधायची, बॅग जागेवर आली की पट्टी परत कडीला. स्टिअरिंगला पट्टी असेल तर गाडी हलवायची नाही, कितीही घाई असली तरी. आणि ती दादांच्या हाताला लागतेच, विसरता येत नाही. पट्टी परत कडीला लावायला मागे जावं लागतं आणि मागे गेलं की नग मोजले जातात. एटीएममध्ये आधी कार्ड असतं तसं आमचं आधी बॅग झालं.

पिवळी ताडपत्री. दीड बाय एक मीटरचा तुकडा, घरात शिरलं की पेशंटजवळ अंथरायचा आणि आपली प्रत्येक वस्तू त्याच्यावरच ठेवायची. फ्रिजवर नाही, पलंगाच्या कठड्यावर नाही, देवघराच्या फळीवर तर नाहीच. आधी आम्ही निळी घेतली होती आणि आमची बॅग पण निळी, बीपीचा पट्टा पण निळसर, रात्री एका बल्बच्या उजेडात काहीच दिसायचं नाही. पिवळीवर काळी वस्तू उठून दिसते. निघताना ताडपत्रीची चारी टोकं धरून उचलायची, सुटं जे असेल ते आत येतं. सुया आणि लॅन्सेट म्हणजे साखर तपासायला बोट टोचायची सुई मात्र ताडपत्रीवर कधीच नाही, त्या वापरल्या की लगेच पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियमही धारदार वस्तूंना तोच पांढरा डबा सांगतात. घरात राहिलेला लॅन्सेट हा पण मागे राहिलेला नगच आहे, आणि तो रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागतो.

रेडियमवाला. गाड्यांच्या नंबरप्लेट करतो तो. त्याच्याकडून प्रत्येक वस्तूवर रेडियमची पट्टी आणि संस्थेचा फोन नंबर कापून घेतला. मार्करनं लिहिलेलं स्पिरिटनं पुसलं की जातं, हे जात नाही. टॉर्च मारला की जिन्यातल्या कोनाड्यातूनही चमकतं. ते त्या रात्री असतं तर उतरताना दादांच्या टॉर्चमध्ये मशीन दिसलं असतं.

नातेवाइकांच्या हातात सामान द्यायचं नाही, हा नियम पाळायला सगळ्यात अवघड. लोक मदत करायला धावतात, इंदूरमध्ये तर अर्धी गल्ली खाली येते, लाओ भिया इधर दो म्हणत हातातलं ओढूनच घेतात, आणि तो मदत करणारा नंतर स्वतःच्या स्कूटरवर दवाखान्यात येतो, आपली बॅग त्याच्या डिकीत. रंगपंचमीच्या गेरला राजवाड्याजवळ ड्यूटी असली की हे हमखास होतं, गर्दी पेशंटलाही उचलते आणि सामानालाही. नाही म्हटलं तर लोक दुखावतात, म्हणून आम्ही कामं ठरवून ठेवली आहेत, भाऊ तुम्ही टॉर्च धरा, काकू तुम्ही पेशंटच्या गोळ्या आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घ्या, तुम्ही खालचं फाटक उघडून लिफ्ट अडवून ठेवा. काम मिळालं की हात सामानाकडे जात नाहीत आणि ती मदत खरी उपयोगी पडते.

ऑक्सिजनच्या चावीचं वेगळं सांगते कारण ती बोटभर वस्तू आहे आणि सगळ्यात जास्त हरवते. बी टाइप सिलिंडर साधारण दहा लिटर पाण्याच्या मापाचा, भरलेला दीडशे बारच्या दाबाला, म्हणजे दहा गुणिले दीडशे, दीड हजार लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दहा लिटर सोडला तरी दोन तास आरामात. आणि एवढा भरलेला सिलिंडर चावी नसेल तर उघडतच नाही. चावी कुठे जाते, तर सकाळी सातला पाळी बदलते, लोक पोहे खायला उतरतात आणि चावी रात्रपाळीवाल्याच्या खिशातून सुदामा नगरला घरी. उपाय अगदी साधा, सायकलच्या साखळीचा तुकडा घेऊन चावी सिलिंडरच्या मानेलाच कायमची बांधा. आणि पाळी बदलताना बदली माणसानं स्वतःच्या हातानं वाल्व्ह उघडून, दाब बघून, बंद करायचा. तोंडी "सगळं ओके" चालणार नाही.

जे विसरलेलं नसतं, अडकलेलं असतं

विसरलेलं आणि अडकलेलं लोक एकच धरतात आणि तिथे गडबड होते. स्पाइन बोर्ड, मानेची कॉलर, बोर्डाचे पट्टे, हे आपण विसरत नाही. मणक्याच्या इजेची शंका असलेला पेशंट बोर्डावर असतो, त्याला तिथून हलवायचा निर्णय डॉक्टर घेणार, कधी एक्स-रे किंवा सीटी होईपर्यंत थांबावं लागतं, आणि आपल्याला पुढचा कॉल असतो. बोर्ड काढून घ्या म्हणून तिथे घाई करणं चूक आहे, बोर्डापेक्षा मणका महत्त्वाचा. इथे लाल पट्टी काही करणार नाही. इथे उधारीची वही लागते. आम्ही निघताना बोर्डाचा फोटो काढतो ज्यात खाटेचा नंबर दिसेल, पेशंटचा चेहरा नाही, ड्यूटीवरच्या सिस्टरना नावानं सांगतो की सिस्टर आमचा एक बोर्ड आणि चार पट्टे तुमच्याकडे आहेत, आणि ग्रुपवर टाकतो. तिन्ही गाड्यांपैकी जी पुढे त्या दवाखान्यात जाईल ती आणते. आणि प्रत्येक गाडीत एक जादा बोर्ड ठेवा. काका आधी खर्चाला तयार नव्हते, मग मी त्यांना वही दाखवली की एका आठवड्यात किती तास गाडी बोर्डाशिवाय फिरली, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी सही केली.

चादरीत गेलेल्या वस्तूंना धोबीघर हाच पत्ता. पेशंट आपल्या चादरीसकट उचलून खाटेवर घेतात, ऑक्सिमीटरचा क्लिप किंवा ईसीजीच्या वायर त्यात जातात. पेशंट सरकवायच्या आधी मी मोठ्यानं म्हणते, थांबा, बोट, दंड, छाती. बोटाचा क्लिप, दंडाचा पट्टा, छातीच्या वायर. तीन शब्द आहेत, तेवढा वेळ सगळे देतात.

आणि तरीही राहिलंच तर

पेशंट गाडीत असताना वस्तूसाठी परत फिरायचं नाही, कधीच नाही. कंट्रोलला, म्हणजे कॉल घेऊन गाड्या पाठवणाऱ्यांना, लगेच सांगा की गाडी अपुरी आहे आणि काय नाही. पेशंट उतरवल्यावर पुढचा कॉल घेण्याआधी परत सांगा, मग कुठली गाडी कुठे पाठवायची ते ते ठरवतील, हार्टच्या पेशंटला मॉनिटर नसलेली गाडी जायला नको. घरी राहिलं असेल तर ज्या नंबरवरून कॉल आला होता त्याच्यावर फोन करा, पण घरचे त्या वेळी दवाखान्यात घाबरलेले असतात, म्हणून शेजाऱ्यांचा नंबर मागा आणि दोन वाक्यांत संपवा. सिलिंडरची चावी नसेल तर ड्रायव्हरच्या हत्यारांतला सरकता पाना चालतो, पण तो पुसून कोरडा करून, ऑक्सिजनच्या वाल्व्हला तेल किंवा ग्रीसचा हात लागणं म्हणजे आगीला बोलावणं.

बदली ड्रायव्हर आला की आमची गडबड अजून होते. त्याला लाल पट्टी माहीत नसते, तो ती सोडून खिडकीतून मागे टाकतो. म्हणून आता बदलीवाल्याला गाडी देण्याआधी जुन्या ड्रायव्हरनी त्याच्याकडून एकदा बॅग काढून, पट्टी बांधून, नग मोजून, पट्टी सोडवून घ्यायची, उभ्या गाडीत, दोन मिनिटं लागतात. पट्टी उन्हानं गुलाबी पडली की बदला, फिकट पट्टी हाताला लागते पण नजरेला लागत नाही, आम्ही दर गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला तिन्ही गाड्यांच्या नव्या करून घेतो.